सुटा भाग आणि शस्त्र : पिस्तुलाच्या बदली भागांचा पूर्वेतिहास

यंत्राचा एखादा भाग झिजला म्हणजे तो काढून तेथे दुसरा बसवावा, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही इतिहास आहे हे सहसा ध्यानात येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळचे राजूर हे कोळशाचे व चुन्याचे गाव. तेथे पंपाचा वा मालमोटारीचा भाग मोडला, तर बाजारातून नवा आणून बसविता येतो. तो मूळ कारखान्याचाच असला पाहिजे असे नाही. राजूरहून पूर्वेस वर्धा नदी ओलांडली म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती लागते. तेथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. शस्त्रांच्या क्षेत्रात मात्र सुट्या भागांचा असा मोकळा बाजार नाही. पंपाचा भाग ही केवळ वस्तू असते; पिस्तुलाचा भाग हा कायद्याच्या दृष्टीने स्वतःच शस्त्र असतो. हा भेद कसा उत्पन्न झाला, हे पाहण्यासाठी सुट्या भागाचा इतिहास दोन अंगांनी तपासावा लागतो : एक कारागिरीचे अंग, दुसरे कायद्याचे.

मराठेशाहीतील बंदूक ही हातकामाची वस्तू होती. नळी, दस्ता, चाप, घोडा, रंजक ठेवण्याचा कान ही तिच्या अंगांची नावे मराठीत रूढ होती. त्यांतील काही नावे प्राण्याच्या वा माणसाच्या देहावरून आलेली आहेत, ही गोष्ट अर्थपूर्ण म्हटली पाहिजे. देहाचा अवयव जसा त्या देहाचाच, तसा बंदुकीचा घोडा त्याच बंदुकीचा. एकीचा काढून दुसरीस बसेलच असा भरवसा नसे. तो बसवावयाचा तर कारागिराने कानस घेऊन घासावा, पुनःपुन्हा लावून पाहावा, हाच मार्ग होता. तोड्याची बंदूक जाऊन चकमकीची आली आणि पुढे टोपीची आली. ह्या स्थित्यंतरांत पेटविण्याची योजना समूळ बदलली, परंतु ‘घोडा’ हा शब्द टिकला. शब्दाने कार्य धरून ठेवले, वस्तू मात्र पालटली. परक्या भागाला स्वदेशी अंग जोडण्याची रीतही जुनीच होय. युरोपातून आलेल्या पात्याला येथील मूठ बसवून झालेली ‘फिरंग’ हे तिचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द ब्वान्य ह्या सेनानीस चाकरीत घेतले आणि कवायती पलटणी उभारल्या. त्यांच्यासाठी आग्रा येथे सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात व बंदुकाही तयार होत. एक बंदूक सुमारे दहा रुपयांत पडे. हे काम मोठ्या प्रमाणावर चाले, तरी भागांच्या अदलाबदलीची कल्पना त्यामागे नव्हती. पण हा कमीपणा केवळ मराठ्यांचा समजणे चुकीचे ठरेल. १८०३ मध्ये ज्या इंग्रज फौजेने आग्रा घेतले, तिच्या बंदुकांचे भागदेखील हातानेच जुळविलेले होते.

अदलाबदलीच्या कल्पनेचा उगम फ्रान्समध्ये दिसतो. ओनोरे ब्लांक ह्या बंदूककाराने चापयंत्राचे भाग सुटे करून, हाताला येतील तसे उचलून जोडून दाखविले. हा प्रयोग पाहिलेल्या जेफर्सनने १७८५ मध्ये त्याचा वृत्तांत अमेरिकेस कळविला. पुढे अमेरिकेतील सरकारी शस्त्रशाळांनी मापे आणि यंत्रे ह्यांच्या बळावर ही कल्पना प्रत्यक्षात आणली, आणि १८५० नंतर इंग्लंडने अमेरिकन यंत्रे आणून एनफील्ड येथे तिचा स्वीकार केला. १८६६ मध्ये तोंडाने भरावयाच्या एनफील्ड बंदुकांना स्नायडरची नवी पिछाडी बसवून त्या मागून भरण्याजोग्या करण्यात आल्या. जुने शस्त्र टाकून न देता त्याचा एकच भाग पालटून त्याला नवे आयुष्य देण्याचा हा एक मोठा प्रयोग होय.

स्वयंभरण पिस्तुलात ही कल्पना पूर्णत्वास गेली. ब्राउनिंगने रचलेले .४५ व्यासाचे पिस्तूल अमेरिकन सैन्याने १९११ मध्ये स्वीकारले. दुसऱ्या महायुद्धात ते बनविणाऱ्यांत टंकलेखन यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेली रेमिंग्टन रँड, रेल्वेचे सिग्नल बनविणारी एक कंपनी आणि शिवणयंत्रांची सिंगर ह्यांचा समावेश होता. सिंगरने अवघी ५०० पिस्तुले बनविली. शिवणयंत्राचा कारखाना पिस्तूल बनवू शकतो, ह्याचा अर्थ एवढाच की कौशल्य आता कारागिराच्या हातातून निघून नकाशातील मापांत गेले होते.

परंतु अदलाबदलीस एक किंमत मोजावी लागते. कोणताही भाग कोणत्याही पिस्तुलात बसावयाचा, तर सांध्यांत थोडी सैलाई ठेवणे भाग असते. धूळ, चिखल, काजळी ह्यांना तोंड देणाऱ्या सैनिकास ही सैलाई उपकारक होते. लक्ष्यवेध करणाऱ्या स्पर्धकास ती बाधक ठरते. म्हणून अमेरिकेतील नेमबाजांनी सैन्याच्या पिस्तुलांत अधिक घट्ट बसणाऱ्या नळ्या घालून घेण्याची प्रथा पाडली. असा भाग मुद्दाम किंचित जाड केलेला असतो आणि जाणकाराने तो त्या एका पिस्तुलापुरता घासून बसवावयाचा असतो. ज्या कानशीला यंत्रयुगाने निरोप दिला, तिला अचूकतेच्या आग्रहाने परत बोलाविले. मूळ कारखान्याबाहेर झालेल्या बदली भागांचा व्यापार ह्या दोन प्रवृत्तींवर उभा आहे : समान मापामुळे भाग विकता येतो, आणि सैलाईमुळे तो विकत घ्यावासा वाटतो.

तथापि केवळ तंत्राने बाजार उभा राहत नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणे पिस्तुलाचा सांगाडा तेवढा शस्त्र गणला जातो. नळी, कमानी, चाप हे सामान्यतः विक्रीयोग्य माल ठरतात. भारतात वाट निराळी झाली. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ च्या कायद्याने ‘शस्त्र’ ह्या संज्ञेत शस्त्राचे भाग आणि ते बनविण्याची यंत्रेही घातली, आणि परवान्यावाचून शस्त्र बनविणे, पालटणे व विकणे ह्यांस बंदी केली. ह्या कायद्याविरुद्ध १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये, मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष असता, ठराव झाला. परंतु स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्यानेही भागांसंबंधीची ती व्याख्या टिकविली आणि दुरुस्तीदेखील परवान्याखाली आणली. परकी सत्ता प्रजेच्या भयाने जे करते, तेच स्वकीय सत्ता सार्वजनिक सुरक्षिततेसाठी करते. हेतू पालटला, व्याख्या राहिली. ‘घोडा’ ह्या शब्दाचे जे झाले, त्याच्या हे उलट नाही.

ह्या व्याख्येचा परिणाम दुहेरी आहे. सुटे भाग आणून गुपचूप शस्त्र जुळविण्याची वाट तिने कायद्यात बंद केली. त्याबरोबरच शस्त्रकारागिरीही सरकारी कारखाने व मोजके परवानाधारक ह्यांच्यापुरती राहिली. आणि तरीही माणसाच्या हाताला शस्त्र जुळविण्याची गरज संपलेली नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. ह्या प्रकारात चापावरील किमान भार १००० ग्रॅम असावा लागतो आणि मुठीच्या मापालाही नियमांची मर्यादा आहे. त्या मर्यादेत मूठ मात्र नेमबाजाच्या पंजाबरहुकूम घडवून घेता येते.

तात्पर्य, भाग ‘सुटा’ असणे हा त्याचा निसर्गधर्म नव्हे. समान मापाने त्याला शस्त्रापासून सोडविले, अचूकतेने पुन्हा एका शस्त्राशी बांधले, आणि कायद्याने तो सुटा असतानाही शस्त्रच मानला. राजूरच्या पंपाचा भाग आणि पिस्तुलाचा भाग एकाच लेथवर घडू शकतात. त्यांतील अंतर धातूचे नसून व्याख्येचे आहे.