अंगावर पाजलं तरी गाठ दाखवायची

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका काकूंच्या छातीत गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून आठ महिने त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. पुढं विचारलं तर म्हणाल्या, "चार लेकरं अंगावर पाजलीत मी. मला कशाला होतोय कॅन्सर?" खरं सांगायचं तर हे त्यांना आम्हीच बैठकीत सांगितलं होतं. मग हे नेमकं आलं कुठून, ते शोधायला आम्ही बसलो.

गोष्ट बरीच जुनी निघाली. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरांनी 1700 साली कामकऱ्यांच्या आजारांवर पुस्तक छापलं. कुंभार, धुणं धुणाऱ्या, सुईणी, दुसऱ्याचं मूल पाजणाऱ्या दाया, सगळ्यांचे आजार त्यात आहेत. मठातल्या जोगिणींना स्तनाचा कॅन्सर जास्त होतो, हेही त्यांनी लिहून ठेवलं. जोगिणींना ना लेकरू, ना पाजणं. पण ही झाली नुसती नजरेची गोष्ट. मोजलं कुणी नव्हतं.

मोजलं ते एका बाईनं. जॅनेट लेन-क्लेपॉन, इंग्लंडच्या डॉक्टर. सरकारच्या आरोग्य खात्यासाठी त्यांनी हा आजार असलेल्या सुमारे 500 बायका घेतल्या आणि नसलेल्या तितक्याच. दोघींना प्रश्न सारखेच: लग्न कितव्या वर्षी झालं, मुलं किती, पाजलं किती दिवस? 1926 साली अहवाल आला. आजारी बायकांची लग्नं उशिरा झालेली, मुलं कमी, पाजणंही कमी. आज जगभर आजाराचं कारण असंच शोधतात, आजारी आणि धडधाकट माणसं शेजारी ठेवून. ही रीत घालून देणाऱ्यांत या बाई आहेत. 1929 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी लग्न केलं आणि काम थांबलं. लग्न झालेल्या बाईनं सरकारी नोकरी सोडायची, असा तिकडे तेव्हा नियमच होता. वाचून आम्हाला राग आला.

पुढं 2002 साली 30 देशांतल्या 47 अभ्यासांचा हिशेब एकत्र मांडला गेला. पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागं धोका सुमारे 4 टक्क्यांनी कमी होतो, असं निघालं. म्हणजे बघा, जिथं शंभर जणींना आजार झाला असता, तिथं वर्षभर पाजल्यावर साधारण 96 जणींना होतो. फायदा आहे, खरा आहे. पण त्या 96 आहेतच की! आणि जिला दूध आलंच नाही, तिच्या आजारपणात "पाजलं नाहीस म्हणून झालं" असं म्हणायला कुणाचं तोंड धजू नये.

लेन-क्लेपॉनबाईंचं दुसरं काम आम्हाला जास्त मोलाचं वाटलं. ऑपरेशन झालेल्या बायकांचा दहा-दहा वर्षांचा मागोवा त्यांनी घेतला. 1928 सालच्या त्या अहवालात दिसलं की आजार पसरण्याआधी उपचार झालेल्या बायका कितीतरी जास्त जगल्या. एकदा गाठ झाली की हिशेब वेळेचा असतो.

आपल्या मुंबईतही हेच दिसलं. टाटा रुग्णालयाच्या लोकांनी 1998 पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांची छाती हातानं तपासत. मशीन नाही, काही नाही. वीस वर्षांनी पाहिलं तर पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले होते.

काकूंची गाठ तोवर काखेत गेली होती. ऑपरेशन झालं, सुया अजून चालू आहेत. त्यांचा हप्ता सध्या गट भरतो. मागच्या बैठकीत हजेरी झाल्यावर आम्ही वही बाजूला ठेवली, दार लावलं आणि आशाताईंनी हातानं तपासायचं कसं ते दाखवलं. एकीला काखेत काहीतरी लागलं. सोमवारी ती जिल्ह्याच्या दवाखान्यात जाते आहे. सोबत कोण जाणार विचारलं, तर काकूंनीच हात वर केला.