अडीच रुपयांचा कागद

दौंडहून आलेली छोटी गाडी बारामतीला थांबते. तुम्ही उतरता ते १९१८च्या चैत्रात. हा लोहमार्ग सुरू होऊन जेमतेम चार वर्षं झालीत. नीरा कालव्याच्या पाण्यावर पिकलेल्या उसाचा गूळ पेठेत उतरलाय, आणि आडत दुकानात ढेपांच्या थप्पीला टेकून इंदापूरकडचा एक शेतकरी पट्टीची वाट बघत बसलाय. त्याच्या शेजारी बैठक मारा.

शेठजी पुढ्यात कागद ठेवतात.

"ह्यो कागुद नगं, शेठ. कलदार द्या."

"पाटील, मुंबईहूनच कलदार येईना. मी कुठून देऊ?"

शेठजी खरं बोलताहेत. लढाईसाठी इथून जाणाऱ्या मालाचे पैसे विलायतेतलं सरकार लंडनमध्ये जमा करतं; हिंदुस्थान सरकारला मात्र इथे रोख रुपये मोजावे लागतात. एका रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. गेल्या साली चांदी एवढी कडाडली की नाणं वितळवणंच फायद्याचं झालं. सरकारने वितळवायला बंदी घातली, तर रुपये गाडग्यांत शिरून जमिनीखाली गेले. म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ला एक रुपयाची नोट आली आणि २ जानेवारी १९१८ला ही, दोन रुपये आठ आण्यांची.

हात पुसा आणि नोट उचला. हिंदुस्थानात अडीच रुपयांची दुसरी नोट कधीच निघालेली नाही. सही सरकारी अधिकारी गब्बे साहेबांची. आकड्याजवळचं अक्षर बघा: 'बी' म्हणजे मुंबई, 'ए' कानपूर, 'सी' कलकत्ता. पाठीवर देशी लिप्यांमध्ये किंमत. एक रुपयाच्या नोटेवर तर चांदीच्या रुपयाचंच चित्र छापलंय, बघणाऱ्याला धीर यावा म्हणून. पाटलांना तो येत नाही. "इंदापूरचा सावकार ह्याला बट्टा लावतो," ते म्हणतात. अडीच रुपये लिहिलेल्या कागदाचे अडीच रुपये मिळत नाहीत, म्हणून तो हातात आला की ज्याला त्याला खपवायची घाई.

चांदी लोकांनी जपली, कागद झटकून टाकला. त्यामुळेच पंचम जॉर्जचा रुपया आज सराफाकडे सहज मिळतो आणि ही नोट पाहायला मिळणंही मुश्कील. १ जानेवारी १९२६पासून ती निघायची बंद झाली. १९४०मध्ये दुसऱ्या लढाईने रुपयाची नोट परत आणली, १९४३मध्ये दोनाची, अडीचची नाही. संग्राहक घडी पडलेल्या नोटेला कमी भाव देतात, हे मला कधीच पटलेलं नाही. पागोट्यात खोचलेल्या, तेलकट बोटांनी चार हात फिरलेल्या कागदातच त्या सालची बारामती आहे.

तुमच्या खिशात सराफाकडून घेतलेले १९१६चे दोन रुपये आहेत, चांदीची एक अधेलीही. पाटलांपुढे ठेवा. ते एकेक नाणं दगडी पायरीवर वाजवून बघतात, कान देऊन ऐकतात, मग नोट तुमच्याकडे सरकवतात.

"आणखी हायती का?" नाणी कनवटीला लावत ते विचारतात.

तुम्ही शेठजींकडे वळून नेमकं तेच विचारता.