‘लक्ष’ : एक नाम, अनेक क्रिया

‘लक्ष’ हे नाम मराठीत एकटे क्वचितच येते. देणे, जाणे, लागणे, वेधणे, ठेवणे, घालणे असे एखादे क्रियापद त्याच्याबरोबर असते आणि अर्थाचा मोठा भार तेच उचलते. म्हणून या शब्दाचा विचार क्रियापदांपासून सुरू करणे योग्य.

सर्वांत महत्त्वाचा भेद कर्त्याचा आहे. ‘मी लक्ष दिले’ यात कर्ता मी, लक्ष हे कर्म. ‘माझे लक्ष गेले’ यात लक्षच कर्ता होते आणि ‘मी’ षष्ठीत मागे सरतो. पहिली क्रिया इच्छेने होते, दुसरी इच्छेवाचून. विल्यम जेम्स यांनी १८९० साली ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ या ग्रंथात ऐच्छिक आणि अनैच्छिक अवधान वेगळे केले, तो हाच भेद.

‘लागणे’ मात्र या दोहोंत नीट बसत नाही. अभ्यासात लक्ष लागते ते झोप लागावी तसे. अंथरूण घालणे, दिवा मालवणे आपल्या हाती असते. झोप लागणे नसते. ‘माझे लक्ष लागत नाही’ असे सांगणाऱ्या मुलाला ‘मग लक्ष दे’ असे उत्तर मिळते, तेव्हा त्याची तक्रार ऐकलीच गेलेली नसते. तो एका अवस्थेविषयी बोलत असतो आणि ऐकणारा एका कृतीविषयी. या गल्लतीपायी किती मुले आळशी ठरली असतील!

लक्ष एका वेळी किती ठिकाणी असू शकते, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला. एकाच वेळी अनेक ज्ञाने उत्पन्न न होणे ही मनाच्या अस्तित्वाची खूण, असे न्यायसूत्रे सांगतात. डोळे, कान, त्वचा एकाच वेळी आपापल्या विषयांशी जोडलेली असली तरी अणुरूप मन एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. यावर आक्षेप असा : लांबलचक शष्कुली (एक तळलेला खाद्यपदार्थ) खाताना रूप, रस, गंध, स्पर्श आणि तिचा कुरकुरीत आवाज ही पाचही ज्ञाने एकदमच होतात ना? नैयायिकांचे उत्तर असे, की ती क्रमानेच होतात. क्रम इतका शीघ्र असतो की तो जाणवत नाही. हाच प्रश्न प्रयोगशाळेतही तपासला गेला : कॉलिन चेरी यांनी १९५३ साली दोन कानांत दोन वेगळी भाषणे ऐकवून त्यांतले एकच मोठ्याने म्हणायला लावले. दुसऱ्या कानातला मजकूर ऐकणाऱ्यांना जवळजवळ काहीच सांगता आला नाही. आवाज पुरुषाचा की स्त्रीचा, एवढे मात्र कळले. पुढे १९५९ साली नेव्हिल मोरे यांना आढळले, की त्या नाकारलेल्या कानात स्वतःचे नाव आले तर काहींना ते ऐकू येते. तिथे लक्ष दिलेले नसते, ते जाते.

‘लक्ष’ला सप्तमीचा प्रत्यय लागला की प्रांतच बदलतो. ‘लक्ष ठेवणे’ म्हणजे पहारा, ‘लक्षात ठेवणे’ म्हणजे स्मरण. ‘लक्षात येणे’ हे आकलन, तर ‘लक्षात घेणे’ हा विचारपूर्वक केलेला स्वीकार. येथे लक्ष ही क्रिया राहत नाही, जागा होते.

‘लक्ष’चा समानार्थी ‘अवधान’ हा शब्द आता बराचसा पुस्तकी झाला आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभ श्रोत्यांकडे अवधान मागण्याने होतो. तिथे अवधान हे श्रोत्याने द्यायचे दान आहे. रोजच्या वापरात हा शब्द ‘सावधान’मध्ये टिकून आहे, लग्नाच्या अंतरपाटापाशी आणि शाळेच्या कवायतीत.

लक्षाच्या अभावाचे शब्द अधिक काटेकोरपणे वापरायला हवेत, कारण त्यांवर जबाबदारी ठरते. काणाडोळा जाणूनबुजून होतो. अनवधानाने घडते त्यात हेतू नसतो. ‘दुर्लक्ष’ दोन्हीकडे झुकते : ‘दुर्लक्ष केले’ हा आरोप, ‘दुर्लक्ष झाले’ ही कबुली. असे आपसूक होणारे दुर्लक्ष तपासलेही गेले आहे : दुसऱ्या महायुद्धात रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या हातून खुणा निसटू लागल्या, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ यांनी घड्याळासारख्या तबकडीवर प्रयोग केले. काटा ठराविक टप्प्यांनी पुढे सरके आणि क्वचित दुप्पट उडी घेई. ती उडी टिपायची. त्यांचे १९४८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढतात, पाहणारा मन लावून काम करत असला तरी. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याच्या चौकशी अहवालात ‘दुर्लक्ष केले’ असे लिहिण्याआधी तो सलग किती वेळ पाहत होता, हे विचारले गेले पाहिजे.