मज्जेतून फुफ्फुसाकडे

सिल्वासाच्या शेजारी, वलसाड-नवसारीच्या भातपट्ट्यात, पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा ताप, डोकं वर काढतो. काही रुग्णांच्या तो थेट फुफ्फुसात उतरतो. केशवाहिन्या झिरपतात, वायुकोशांत पाणी भरतं, ऑक्सिजन लावूनही रक्तात पोचत नाही. कारण कुठलंही असो, ही अवस्था सारखीच दिसते हे डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १९६७ साली १२ रुग्णांवरून मांडलं. हाच एआरडीएस. व्हेंटिलेटर त्यात वेळ मिळवून देतो, पाझर बुजवत नाही.

तो बुजवायला मूलपेशी वापरायचा विचार फार उशिरा आला. मॉस्कोत अलेक्झांडर फ्रीडनश्टाइन अस्थिमज्जा बशीत पसरत, तरंगणाऱ्या रक्तपेशी ओतून देत. तळाला चिकटून उरलेल्या मोजक्या लांबट पेशींच्या वसाहती वाढत आणि त्यांतून हाड तयार होई. या पेशींना मेसेन्कायमल मूलपेशी हे नाव अर्नोल्ड कॅप्लन यांनी १९९१ साली दिलं. त्यामुळे सगळ्यांची नजर हाड आणि कूर्चेवरच राहिली.

२००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत नवीन गुप्ता आणि मायकेल मॅथे यांच्या गटाने जिवाणूविषाने फुफ्फुस सुजलेल्या उंदरांच्या श्वासमार्गात या पेशी सोडल्या. ४८ तासांनी ८० टक्के उंदीर जिवंत होते. पेशी न मिळालेल्यांत ४२ टक्के. फुफ्फुसात टिकलेल्या पेशी मात्र अगदी थोड्या. म्हणजे त्या नवं फुफ्फुस बांधत नव्हत्या, दाह भडकवणारे रेणू कमी करून शमवणारे वाढवत होत्या. पुढे २०१२ साली जहर भट्टाचार्य यांच्या गटाने या पेशी वायुकोशांना आपले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, देताना पाहिल्या. या साऱ्या कुळकथेत मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे दान.

माणसांत पेशी शिरेतून देतात. त्या आधी फुफ्फुसातच अडकतात. इतर अवयवांसाठी ती अडचण, इथे सोय. पण २०१९ साली जाहीर झालेल्या ६० रुग्णांच्या चाचणीत उपाय सुरक्षित ठरला, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. गोठवलेल्या पेशी वितळवून, धुवून देताना त्यांतल्या जिवंत किती उरतात याचं प्रमाण बाटलीगणिक ३६ ते ८५ टक्के असं बदलत होतं. उंदरांतलं यश माणसांत का उतरलं नाही, याचं उत्तर मला तरी आधी या बाटल्यांत शोधावंसं वाटतं.

म्हणून घरचं माणूस आयसीयूत असताना कुणी फुफ्फुसासाठी मूलपेशी विकत देऊ केल्या, तर सरळ नाही म्हणा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा उपाय फक्त मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पेशींचे पैसे घेता येत नाहीत.