मुंबईचे नाविक आणि दूरचा व्हिएतनाम



व्हिएतनामचा धडा शिकवताना एका मुलाने मला विचारले, "सर, त्या दूरच्या देशाशी धामणकर नाक्यावरच्या आम्हा मुलांचा काय संबंध?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर फार लांब नाही. ते मुंबई बंदरात आहे.

दुसऱ्या महायुद्धात जपान शरण आला आणि २ सप्टेंबर १९४५ रोजी हो चि मिन्ह यांनी हनोई येथे स्वातंत्र्याची घोषणा केली. परंतु दक्षिणेतील जपानी फौजांची शस्त्रे उतरवून घेण्याचे काम ब्रिटिशांकडे होते. त्याच महिन्यात जनरल ग्रेसी सायगॉनला पोहोचले. त्यांच्या हाताखालची फौज मुख्यतः हिंदी शिपायांची होती. तेथे फ्रेंचांना पुन्हा गादीवर बसविण्यासाठी या शिपायांना व्हिएतनामी जनतेविरुद्ध लढावे लागले. इंडोनेशियात डचांसाठीही तेच घडले. एका गुलामाकडून दुसऱ्या गुलामाच्या पायात बेडी ठोकून घेणे, ही साम्राज्यवादाची रीतच होती.

या रीतीला आपल्या नाविकांनी नकार दिला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नौदल केंद्रातील नाविकांनी संप पुकारला. निकृष्ट जेवण, गोऱ्यांपेक्षा कमी पगार आणि अधिकाऱ्याच्या अपमानकारक शिव्या ही तात्कालिक कारणे होती. बघता बघता संप कराचीपर्यंत पसरला व सुमारे २० हजार नाविक त्यात सामील झाले. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान होते, तर उपाध्यक्ष मदन सिंग. काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट या तिघांचे झेंडे जहाजांवर एकत्र फडकले.

त्यांच्या मागण्या पाहा. जेवण व पगार यांबरोबरच आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका, आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावणे! स्वतःच्या ताटासाठी उठलेली माणसे परक्या देशाच्या स्वातंत्र्यासाठीही बोलली.

२२ फेब्रुवारीला त्यांच्या पाठिंब्यासाठी मुंबईच्या गिरणी कामगारांनी हरताळ पाळला. गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मेले. दुसऱ्या दिवशी नेत्यांच्या सल्ल्याने नाविक शरण आले. शेकडोंची नोकरी गेली.

दुर्दैवाने ही एकी टिकली नाही. त्याच वर्षी मुंबईत हिंदू-मुसलमान दंगे पेटले. आपल्या भिवंडीनेही १९७० आणि १९८४ मध्ये तेच दुःख भोगले आहे. म्हणून पालकहो, खान आणि मदन सिंग ही नावे मुलांना एकत्रच सांगा. आणि मुलांनो, इतिहास वाचताना केवळ सनावळ्या पाठ करू नका. बंदूक कोणाच्या हातात होती, ती कोणासाठी चालत होती, आणि ती चालवायला नकार कोणी दिला, हे विचारायला शिका.