रायफलीला थंडी बाधते तेव्हा

मी म्हैसूरच्या मेटगळ्ळीतून बोलतोय. आमची डिसेंबरातली पहाट एका स्वेटरात भागते. पण इथून सव्वाशे किलोमीटरवरच्या मडिकेरीत जन्मलेल्या माणसानं बर्फातली शाळा उभी केली. ते म्हणजे थिमय्या. १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजिला खिंडीत रणगाडे घुसवले ते त्यांच्याच डिव्हिजननं. त्याच डिसेंबरात डिव्हिजनची स्की शाळा गुलमर्गला सुरू झाली.

बर्फात लढायचं, तर नेमबाजीही तिथंच उघड्यावर शिकावी लागते. का? थंडीत तेल घट्ट होतं, बोल्ट अडतो. काडतुसातली दारू गारठली की गोळीचा वेग घटतो आणि ती खाली लागते. उलट उंचीवरची विरळ हवा तिला कमी अडवते, म्हणून ती वर जाते. उबदार तंबूत नेलेल्या रायफलीला पाणी सुटतं. बाहेर काढली की त्याचंच बर्फ होतं. सपाटीवर जुळवलेला नेम तिथं नव्यानं जुळवावा लागतो.

एप्रिल १९६२ मध्ये ही शाळा हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. ऑक्टोबरात युद्धच आलं. एका शाळेनं अख्खं सैन्य इतक्यात कसं तयार होणार? १८ नोव्हेंबरला रेझांग ला इथं, १६ हजार फुटांवर, मेजर शैतान सिंगांचे जवान थ्री-नॉट-थ्री रायफलींनी लढले. बहुतेक जण आजच्या हरियाणातल्या सपाट मुलखातले. शंभरहून अधिक पडले. १९६३ च्या फेब्रुवारीत देह सापडले, तेव्हा काहींच्या गोठलेल्या हातांत शस्त्रं तशीच होती.

त्यांचं शौर्य आपण गातो, गायलाच हवं. पण त्यांना वेळेवर काय मिळालं नाही, हेही मुलांना सांगा.