‘बीए करून काय होणार?’ १०९८ नंबर, अग्रणी बँक आणि म्हसवडची बँक उभी करणारी माणसं काय शिकली होती

बारावीनंतर पोरगा किंवा पोरगी आर्ट्सला गेली की घरात आणि पारावर एकच प्रश्न असतो, ‘बीए करून काय होणार?’ समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य हे मार्क कमी पडलेल्यांचे विषय, अशी समजूत पक्की बसली आहे. पण आपण रोज वापरतो त्यातल्या काही सोयी बघितल्या तर त्यांच्यामागे याच विषयांची माणसं निघतात. त्यातल्या काहींची ही माहिती, आणि शेवटी या वाटेने जायचं असेल तर काय करायचं तेही.

१०९८ कुठून आला?

लहान मुलांसाठीचा १०९८ हा नंबर १९९६ साली मुंबईत सुरू झाला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये, शिकलेल्या आणि पुढे तिथेच शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावर आणि स्टेशनवर राहणाऱ्या मुलांमध्ये काम करत. अडचण आली तर फोन करा म्हणून त्यांनी मुलांना स्वतःचा नंबर देऊन ठेवला होता. फोन रात्री-अपरात्री येऊ लागले. एका बाईच्या फोनवर हे भागणार नाही, कायमची व्यवस्था पाहिजे, हे त्यातूनच पुढे आलं. टिसचा प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू झाली आणि नंतर देशभर पसरली. नंबर हिंदीत ‘दस-नौ-आठ’ असा उतरत्या क्रमाने म्हणता येतो, त्यामुळे शाळेत न गेलेल्या मुलाच्याही लक्षात राहतो. २०२३ पासून ही सेवा सरकारकडे गेली आणि ११२ शी जोडली गेली, पण नंबर तोच आहे. फोन फुकट लागतो, २४ तास लागतो.

फोन केल्यावर पुढे काय होतं? तक्रार जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे येते आणि गरज असेल तर मुलाला बाल कल्याण समितीसमोर नेतात. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला लागते. सदस्य कोण होऊ शकतं हे सांगताना कायद्याने समाजकार्य, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र या पदव्यांची नावं घेतली आहेत. बालविवाहाचा मामला असेल तर गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांनाही कळवता येतं.

पोलिसांकडचा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही टिसचाच. १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत तो सुरू झाला. मारहाण झालेली बाई पोलिसांकडे येते तेव्हा तिला गुन्हा नोंदवायचा की नाही हेच अनेकदा ठरलेलं नसतं. आधी कुणीतरी तिचं सगळं ऐकून घेणं गरजेचं असतं, आणि ते काम पोलिसाचं नाही, शिकलेल्या समाजकार्यकर्त्याचं आहे, हा त्यामागचा विचार. पुढे राज्य सरकारने ही पद्धत इतर जिल्ह्यांत नेली.

केंब्रिजहून वाई तालुक्यात

धनंजयराव गाडगीळ हे नाव सहकारातल्या जुन्या माणसांना माहीत आहे, नव्या पिढीला फारसं नाही. जन्म १९०१. केंब्रिजला अर्थशास्त्र शिकले. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली तिचे ते पहिले संचालक. तिथे त्यांनी एक गोष्ट पक्की धरली, ती म्हणजे आधी मोजायचं आणि मग बोलायचं. वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च त्यांनी पाहणी करून मांडला, तो १९४० साली छापून आला. सोलापूर शहराचीही पाहणी केली. शेतकऱ्याला नेमकं काय सुटतं, यावर आकडे हातात घेऊन बोलणारी माणसं तेव्हा फार नव्हती.

त्यामुळे लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना काढायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यांना गाडगीळांची साथ मिळाली. विखे पाटलांचं शालेय शिक्षण जेमतेम, गाडगीळ केंब्रिजचे. ही जोडी जमली हेच विशेष. प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला. गाडगीळ सुरुवातीची बरीच वर्षं त्याचे अध्यक्ष होते. नुसते सल्ला देऊन पुण्याला परतले नाहीत, ही गोष्ट आजच्या तज्ज्ञांकडे बघताना आठवते.

अग्रणी बँकही त्यांच्याशी जोडलेली आहे. १९६९ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने सांगितलं की गावोगाव बँक पोचायची असेल तर भाग वाटून जबाबदारी द्या. त्याच वर्षाच्या शेवटी रिझर्व्ह बँकेने प्रत्येक जिल्ह्यासाठी एक पुढारी बँक नेमायची योजना आणली. आज जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा ही बँक तयार करते. पीककर्जासाठी शाखेने हेलपाटे घालायला लावले तर अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज करता येतो. हे अनेकांना माहीतच नसतं.

म्हसवडच्या बायका आणि रिझर्व्ह बँक

चेतना गाला-सिन्हा मुंबईच्या. अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत सहभाग. चळवळीतल्याच विजय सिन्हांशी लग्न झालं आणि त्या माणदेशात म्हसवडला राहायला आल्या. दुष्काळी मुलूख. एक दिवस रस्त्यावर राहून वेल्डिंग करणारी बाई त्यांच्याकडे आली. तिला पैसे साठवायचे होते. कर्ज नको होतं, फक्त खातं हवं होतं. पण एवढ्या लहान रकमेसाठी बँक दारात उभं करत नव्हती.

मग बायकांनीच बँक काढायची ठरवली. परवान्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. चेतनाताई खचल्या, बायका मात्र म्हणाल्या की मग शिकू. त्या शिकल्या आणि काही महिन्यांनी स्वतःच रिझर्व्ह बँकेत गेल्या. अधिकाऱ्यांना सांगितलं, कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमचे साहेब कॅल्क्युलेटरशिवाय सांगतात का बघू. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. १,३३५ बायकांनी ७ लाख ८ हजार रुपये भांडवल जमवलं होतं. पुढे संस्थेने दुष्काळात चारा छावणी चालवली, बायकांना धंदा शिकवण्याचे वर्ग काढले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात बचत हा एक धडा असतो. म्हसवडला तो उलटा शिकावा लागला: गरीब बाई बचत करत नाही असं नाही, तिची बचत घ्यायला कुणी येत नाही.

जळगाव जिल्ह्यात पारोळा तालुक्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांची वाट वेगळी. त्यांनी पुण्यात मानसशास्त्रात एमए केलं, पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबाग यांच्यासोबत काही वर्षं काढली आणि गावी परतल्या. बचत गटातल्या बायकांना येत होती ती गोधडी. तीच त्यांनी बाजारात नेली. २०११ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सगळ्यांनीच संस्था किंवा बँका काढल्या असंही नाही. टिसमध्ये समाजकार्य शिकलेल्या मेधा पाटकर नर्मदा खोऱ्यात गेल्या आणि सरकारशी भांडत राहिल्या. धरण हवं की नको यावर आजही दोन तट आहेत. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात बुडणाऱ्या पाड्यांची माहिती गोळा करणं, पुनर्वसनाची जमीन मागणं आणि पोरांसाठी जीवनशाळा चालवणं ही कामं आंदोलनाने केली, हे विरोधकही नाकारत नाहीत.

हे शिकायचं कसं?

बारावीनंतर तीन वर्षांचा बीएसडब्ल्यू करता येतो. एमएसडब्ल्यू दोन वर्षांचा असतो आणि साधारणपणे कोणत्याही शाखेच्या पदवीवर प्रवेश मिळतो, बीए असो की बीएस्सी. यात क्षेत्रकार्य सक्तीचं असतं. गाव, वस्ती, दवाखाना, पोलीस ठाणं किंवा तुरुंग अशा ठिकाणी प्रत्यक्ष काम करून अहवाल लिहायचा. टिसचं मुख्य ठिकाण मुंबईत देवनारला असलं तरी ग्रामीण विभाग धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला १९८० च्या दशकापासून आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर संस्थेच्या लोकांनी तिथे मदत आणि पुनर्वसनाच्या कामात भाग घेतला. पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते. जाहिरात निघते तेव्हा मुदत बघून घ्यावी, कारण इथली बरीच मुलं फॉर्मची तारीख चुकल्यानेच मागे राहतात.

नोकऱ्या आहेत. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातले समुपदेशक, उमेद अभियान, बाल संरक्षण कक्ष, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, कंपन्यांचे सामाजिक निधीतले प्रकल्प. पण खरं सांगायचं तर यातल्या अनेक जागा कंत्राटी आहेत. मानधन कमी, ते वेळेवर येईल याची खात्री नाही, आणि प्रकल्प संपला की माणूस घरी. घरच्यांची काळजी चुकीची नाही. पहिली दोन-तीन वर्षं कशी काढायची याचा हिशोब आधी घरात बसून केलेला बरा.

आणि क्षेत्रकार्याची पोरं वही घेऊन गावात आली की ‘हे नुसतं विचारतात, देत काहीच नाहीत’ असं लोक म्हणतात. त्यांना नाव, कॉलेज आणि माहिती कशासाठी पाहिजे हे जरूर विचारावं. आधार नंबर किंवा बँकेचा ओटीपी मात्र कुणालाच सांगू नये, कोणत्याही पाहणीला तो लागत नाही. अहवाल झाल्यावर त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला मागून घ्यावी. गावात किती घरांना नळ नाही, किती पोरी दहावीनंतर शाळेतून सुटल्या हे त्यात लिहिलेलं असेल, तर ते पान पुढच्या ग्रामसभेत वाचता येतं.